ओढा आणि पाऊलवाट : सह्याद्रीविषयक मराठी लेखनाची एक चिकित्सा

प्रस्तावना

सह्याद्रीच्या डोंगराळ मुलखात ओढा आणि पाऊलवाट या दोन वेगळ्या वस्तू नाहीत. पाण्याने जेथे कातळ कापला तेथेच माणसाला आणि गुराढोरांना चढण्याउतरण्यास जागा मिळाली. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या जुन्या वाटा पाहिल्या, तर त्यांतील कित्येक वाटा एखाद्या ओढ्याच्या पात्रातून, त्याच्या काठाने किंवा त्याने कोरलेल्या नाळेतून जाताना दिसतात. मराठी साहित्याने मात्र या जोडीची फारकत केली. ओढा काव्याच्या वाट्याला आला आणि वाट इतिहासाच्या. ओढ्याचे सौंदर्य गायले गेले, वाटेचा पराक्रम सांगितला गेला. परंतु त्या ओढ्याच्या काठाने रोज ये-जा करणारा माणूस या दोहोंच्या मध्ये हरवला.

प्रस्तुत लेखात या फारकतीचा विचार केला आहे. बालकवींची कविता, गो. नी. दांडेकर यांच्या कादंबऱ्या, दुर्गविषयक व गिरिभ्रमणविषयक लेखन आणि मावळातील स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या अशा चार प्रकारच्या सामग्रीच्या आधारे एक विधान तपासावयाचे आहे : ज्या लेखनात ओढा आणि वाट एकत्र येतात, त्या लेखनात डोंगरातला माणूस दिसू लागतो, आणि जेथे ती एकमेकांपासून तुटतात, तेथे उरते ते केवळ दृश्य किंवा केवळ स्मारक. हे विधान सर्वत्र सारख्याच प्रमाणात खरे ठरते असे नाही. ते कोठे अडखळते, याचाही विचार येथे केला आहे.

भूमी आणि शब्द

साहित्याकडे वळण्यापूर्वी भूमीची रचना लक्षात घेणे आवश्यक आहे. सह्याद्री हा बेसाल्ट खडकाच्या एकावर एक रचलेल्या थरांचा बनलेला आहे. पूर्वेकडे तो हळूहळू उतरत जातो, तर पश्चिमेकडे त्याचे कडे कोकणात एकदम कोसळतात. त्यामुळे पूर्ववाहिनी नद्या कड्याच्या अगदी जवळ उगम पावूनही संथपणे देशाकडे जातात आणि पश्चिमेचे ओढे थोड्या अंतरात शेकडो मीटर उतरतात. हे आखूड आणि वेगवान ओढे कड्याला मागे मागे खात जातात. खडकातील ठिसूळ पट्टे आधी झिजतात आणि कड्यात उभी चीर पडते. स्थानिक भाषेत अशा चिरेला नाळ किंवा नळी म्हणतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याकडे बेलपाड्याहून चढणारी नळीची वाट, लिंगाण्याच्या परिसरातील बोराट्याची नाळ, सिंगापूरची नाळ ही नावे याच प्रकारची आहेत. महाबळेश्वर आणि पोलादपूर यांना जोडणाऱ्या आंबेनळी घाटाच्या नावातही नळी आहेच.

या नावांमधील एक गोष्ट लक्षणीय आहे. 'नाळ' हा शब्द पावसाळ्यात पाण्याची जागा सांगतो आणि उरलेल्या वर्षात वाटेची. एकाच शब्दात प्रवाह आणि मार्ग दोन्ही सामावले आहेत. 'उतार' या शब्दाचेही तसेच. उतार म्हणजे नदी जेथे पायी ओलांडता येते ती जागा. उताराचे ज्ञान हे पाण्याचे ज्ञान आहे आणि वाटेचेही. कोकणातील 'साकव' म्हणजे वहाळावर घातलेला साधा लाकडी पूल. वहाळ नसेल तर साकवाला अर्थ नाही आणि पैलतीरी जाणारी वाट नसेल तर त्याची गरजही नाही. दोन गडग्यांमधून जाणारी आणि पावसाळ्यात स्वतःच ओहोळ होणारी पाणंद हे याचेच आणखी एक उदाहरण. ओढा, ओहोळ, वहाळ, पऱ्या, डोह, कोंड, घळ, खिंड ही शब्दसंपदा चालणाऱ्या माणसांनी घडविली आहे; दूर उभे राहून पाहणाऱ्यांनी नव्हे.

मुलूख ओळखण्याची जुनी पद्धतही हेच सांगते. बारा मावळांपैकी अनेकांची नावे पाण्यावरून पडली आहेत. पवनेचे पवन मावळ, आंद्रेचे आंदर मावळ, गुंजवणीचे गुंजण मावळ, कानंदीचे कानद खोरे, मोसीचे मोसे खोरे, मुठेचे मुठे खोरे, वेळवंडीचे वेळवंड खोरे. येथे प्रवाह हीच मुलखाची ओळख आहे. देशमुखीचा अंमल, देवस्थानांचे मानपान, सोयरिकी आणि बाजार या सर्वांचे व्यवहार बहुतांशी खोऱ्याच्या आत चालत, आणि एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जावयाचे तर खिंडीचा आधार घ्यावा लागे.

ही जोडी तुटण्यास वाहतुकीच्या साधनांतील बदल कारणीभूत झाला. १८३० मध्ये बोरघाट चाकाच्या वाहनांसाठी खुला झाला आणि १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे धावू लागली. चाकाला पायाहून वेगळी वाट लागते. पाऊल ओढ्यातील दगडांवरून उड्या टाकत चढू शकते. चाकाला ठरावीक चढ हवा असतो, म्हणून ते डोंगराला वळसे घेत जाते आणि ओढे आडवे ओलांडते. पाऊलवाटेच्या दृष्टीने ओढा हा सोबती असतो, तर रस्त्याच्या दृष्टीने तो केवळ एक मोरी बांधण्याची जागा असतो. शब्दांतील हा फरक पाहण्याच्या दृष्टीतील फरकही दर्शवितो. विसाव्या शतकातील मराठी लेखक बहुधा रेल्वेने किंवा रस्त्याने डोंगरापर्यंत आलेले आहेत, ही बाब पुढील विवेचनात ध्यानात ठेवली पाहिजे.

बालकवी : पांढरी पायवाट आणि काळा डोह

ओढ्याकडे पाहण्याची मराठी वाचकाची दृष्टी ज्या कवींनी घडविली, त्यांत बालकवी (१८९०–१९१८) यांचे स्थान अग्रगण्य आहे. त्यांची कविता सह्याद्रीच्याच एखाद्या खोऱ्याचे वर्णन करते असे मानण्याचे कारण नाही. त्यांचा जन्म खानदेशातील धरणगावचा. परंतु पुढच्या पिढ्यांनी सह्याद्रीचे ओढेही बालकवींच्या डोळ्यांनी पाहिले, म्हणून त्यांच्यापासून आरंभ करणे योग्य ठरते.

'निर्झरास' या कवितेत झरा हा खेळकर बालक आहे. तो कड्यांवरून उडी घेतो, खडकांवर लोळतो, स्वतःभोवती गिरक्या घेतो. कवी त्याला थेट संबोधितो आणि त्याच्या खेळाला आणखी उत्तेजन देतो. या कवितेचे नादमाधुर्य वादातीत आहे. मात्र या झऱ्याच्या काठी कोणी पाणी भरीत नाही आणि कोणी तो ओलांडीतही नाही. कवी आणि झरा यांच्यामध्ये तिसरे कोणीच नाही. निसर्गाशी एकरूप होण्याच्या स्वच्छंदतावादी ओढीला अशा एकांताची आवश्यकता असते, हे मान्य करूनही एक परिणाम नोंदवावा लागतो. पुढील काळातील शालेय निबंधांपासून ललित लेखांपर्यंत झऱ्याचे जे ठरावीक वर्णन रूढ झाले, त्यात 'निर्झरास'मधील उड्या आणि गिरक्या आल्या; परंतु त्यामागील आर्तता आली नाही, आणि माणूस तर मुळातच नव्हता.

'औदुंबर' या अवघ्या आठ ओळींच्या कवितेत चित्र वेगळे आहे. येथे झरा आहे, पलीकडे टेकडीच्या बाजूला चार घरांचे लहानसे गाव आहे, दाट शेतमळे आहेत, त्यांतून आडवीतिडवी गेलेली पांढरी पायवाट आहे, ती काळ्या डोहाकडे जाते, आणि तेथे पाण्यात पाय सोडून औदुंबराचे झाड बसले आहे. या कवितेतील औदुंबराच्या प्रतीकाची मराठी समीक्षेत विपुल चर्चा झाली आहे. त्या मानाने पायवाटेकडे कमी लक्ष गेले.

वास्तविक या कवितेची हालचाल पायवाटेनेच घडते. झरा वाहतो, गाव आणि शेते स्थिर आहेत, झाड बसलेले आहे. गावापासून डोहापर्यंत वाचकाला नेते ती वाट. ती पांढरी का, या प्रश्नाचे उत्तर कवितेत नाही, परंतु भूमीत आहे. ज्या वाटेवरून रोज पावले पडतात तिच्यावर गवत उगवत नाही. हिरव्या कुरणात ती उघडी, पांढुरकी दिसते. मराठीत अशा वाटेला मळलेली वाट म्हणतात. पांढरा रंग हा येथे न दिसणाऱ्या माणसांच्या नित्य वावराचा पुरावा आहे. चार घरांतील माणसे डोहावर जात असली पाहिजेत : पाण्यासाठी, धुण्यासाठी, गुरे घेऊन. कवीने त्यांना चित्रात घेतले नाही, परंतु त्यांच्या पावलांची खूणही पुसली नाही. कवितेच्या शेवटी जाणवणारी गूढ उदासी केवळ डोहाच्या काळेपणातून येत नाही. माणसांची वाट आहे आणि माणसे नाहीत, या विसंगतीचाही त्यात वाटा आहे. 'निर्झरास'च्या तुलनेत 'औदुंबर' अधिक काळ मनात रेंगाळते याचे एक कारण येथे शोधता येईल. ओढा आणि वाट एका चौकटीत आल्याबरोबर माणसाच्या अस्तित्वाचा प्रश्न उभा राहतो.

गो. नी. दांडेकर : काठावरची माणसे

बालकवींनी सूचित केलेली माणसे गो. नी. दांडेकर (१९१६–१९९८) यांच्या कादंबऱ्यांत प्रत्यक्ष अवतरली. सह्याद्रीत पायी हिंडून लिहिणारा हा लेखक असल्यामुळे त्यांच्या लेखनातील भूगोल पुस्तकी वाटत नाही. 'पवनाकाठचा धोंडी' (१९५५) या शीर्षकातच प्रस्तुत विषयाचे सूत्र आहे. तुंग किल्ल्याच्या हवालदारकीचा वारसा सांगणारा धोंडी किल्ल्याच्या नावाने नव्हे, तर पवनेच्या काठाने ओळखला जातो. त्याचा मान गडावरचा असला तरी त्याचा संसार काठावरचा आहे. गड आणि काठ यांच्यामधील अंतर हेच या व्यक्तिरेखेचे अंतर आहे. जुना मान आणि आजचे दारिद्र्य यांच्या ताणात सापडलेल्या या माणसाला दांडेकर पवनेच्या खोऱ्यापासून वेगळा काढीत नाहीत.

'माचीवरला बुधा' (१९५८) मध्ये दिशा उलटी आहे. मुंबईतील आयुष्य मागे टाकून बुधा राजमाचीवर परततो आणि झाडे, पशुपक्षी यांच्या सोबतीने राहू लागतो. राजमाचीला येणाऱ्या जुन्या वाटांपैकी एक लोणावळ्याकडून लांबच्या चालीची आहे, तर दुसरी कोंढाणे लेण्यांच्या बाजूने उल्हास नदीच्या खोऱ्यातून उभी चढते. ज्या डोंगरात प्राचीन बौद्ध भिक्षूंनी पाण्याच्या आणि वाटेच्या आधारे लेणी कोरली, त्याच डोंगराच्या माथ्यावर बुधाचे एकाकी घरटे आहे. कादंबरीचे सौंदर्य बुधाच्या एकांतात आहे. तिची मर्यादाही तेथेच आहे. बुधा एका अर्थाने 'निर्झरास'मधील कवीचा वारस आहे. त्याला माणसांचा गलबला नको आहे. वाटेचे काम त्याला वर आणून सोडण्यापुरते उरते. आणि ती नित्याच्या जाण्यायेण्याची न राहता निवृत्तीची वाट होते.

'जैत रे जैत' (१९६५) मधील ठाकर समाजाचे चित्रण याहून गुंतागुंतीचे आहे. नाग्या आणि चिंधी यांच्या कथेत डोंगर हा देव आहे, शत्रूचे स्थान आहे आणि उपजीविकेचे साधनही आहे. येथे वाट म्हणजे अवघड कड्यावर जाण्याचे धाडस. लिंगोबाच्या डोंगरावरील राणीमाशीशी नाग्याने मांडलेले वैर हे डोंगराशी असलेल्या नात्यातील ताणाचे रूप आहे. दांडेकरांच्या तीनही कादंबऱ्यांत डोंगर सजीव आहे. परंतु केवळ येथेच डोंगरातला माणूस डोंगराशी भांडतो, आणि म्हणूनच तो सर्वाधिक स्वतंत्र वाटतो.

दांडेकरांच्या लेखनावर आक्षेप घ्यावयाचा तो येथे. त्यांच्या माणसांना इतिहासाचा भूतकाळ आहे, परंतु वर्तमानातील सत्तेशी त्यांचा संबंध कमी येतो. मावळातील पाणी त्या काळी केवळ वाहत नव्हते. ते अडविले जात होते. मुळशी पेट्यात टाटांच्या जलविद्युत योजनेविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह झाला होता. धोंडीच्या खोऱ्यावर पुढे हीच वेळ आली. १९७० च्या दशकाच्या आरंभी पवना धरण पुरे झाले आणि तुंग, तिकोना, लोहगड यांच्यामधील खोऱ्याचा मोठा भाग जलाशयाखाली गेला. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा प्रश्न त्यानंतर अनेक दशके चर्चेत राहिला. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेचे पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातील शेतकऱ्यांनी आंदोलन केले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले.

१९५५ मध्ये लिहिलेल्या कादंबरीने पुढील घटनांचे भाकीत करावे, अशी अपेक्षा अन्याय्य ठरेल. तथापि आजच्या वाचकाला ही कादंबरी वेगळ्या रीतीने वाचावी लागते. शीर्षकातील 'काठ' आता पूर्वीच्या जागी नाही. नदीचा काठ जाऊन जलाशयाचा काठ आला आहे. ज्या वाटांनी खोऱ्यातील माणसे एकमेकांकडे जात, त्यांपैकी काही पाण्याखाली आहेत. कादंबरी अशा वेळी कलाकृतीबरोबरच एका बुडालेल्या भूगोलाची नोंदही होते. लेखकाचा तसा हेतू नसतानाही हे घडले, कारण त्याने माणसाला काठापासून तोडले नव्हते.

दुर्गसाहित्य : गडाकडे नेणारी वाट

दांडेकरांच्याच 'दुर्गभ्रमणगाथा' (१९८३) या ग्रंथाने आणि त्यांच्या इतर दुर्गविषयक लेखनाने मराठीतील एका समृद्ध प्रवाहाला बळ दिले. महाराष्ट्रातील तरुणांना डोंगराकडे नेण्याचे श्रेय या साहित्याला निःसंशय आहे. आनंद पाळंदे यांच्या 'डोंगरयात्रा'सारख्या मार्गदर्शक पुस्तकाने घाटवाटांची माहिती शिस्तबद्ध रीतीने वाचकांपुढे ठेवली. घाटवाटांची नावे छापील स्वरूपात टिकविण्याचे कार्य अशा पुस्तकांनी केले, ही त्यांची मोठी कामगिरी होय.

तरीही दुर्गसाहित्याच्या दृष्टीत एक ठरावीक कल आढळतो. त्यात वाट ही गडाकडे नेण्यासाठी असते. ती गडावर पोहोचली की तिचे काम संपते. वास्तविक डोंगरातील बहुसंख्य वाटा गडासाठी पडलेल्या नाहीत. त्या पाणवठ्याकडे, शेताकडे, जंगलाकडे, बाजाराकडे आणि सोयऱ्यांच्या गावाकडे जातात; गड हा त्यांच्यापैकी काहींच्या वाटेत येतो. दुर्गसाहित्यात ओढ्याचे स्थानही असेच दुय्यम आहे. तो पाणी भरून घेण्याची किंवा विसाव्याची जागा म्हणून येतो. आणि ज्याच्यावाचून वाट सापडत नाही असा गावातला वाटाड्या या लेखनात वारंवार येत असला, तरी पुष्कळदा त्याचे नाव येत नाही. गडावर भेटणाऱ्या साध्या माणसांविषयी दांडेकरांच्या मनात माया होती. त्यांच्या अनुकरणातून आलेल्या पुष्कळशा लेखनात मात्र ती माया एका वाक्याच्या आभारात आटोपते.

इतिहास स्वतः मात्र ओढा आणि वाट यांना वेगळे करीत नाही. फेब्रुवारी १६६१ मधील उंबरखिंडीची लढाई हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या कारतलबखानाच्या सैन्याला शिवाजी महाराजांनी अंबा नदीच्या खोऱ्यातील अरुंद, झाडीने वेढलेल्या वाटेवर गाठले. या लढाईचे वर्णन कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात आले आहे. येथे निर्णायक ठरला तो गड नव्हे, तर खोरे. कोणती वाट कोठे अरुंद होते आणि वरच्या झाडीत किती माणसे दबा धरू शकतात, हे ज्ञान त्या खोऱ्यात वावरणाऱ्या माणसांचे होते. विजयाचे स्मारक उभारताना या ज्ञानाचे स्मरण क्वचितच केले जाते.

इतिहासलेखनात या दृष्टीचा पाया दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी घातला. 'मिथ अँड रिअॅलिटी' (१९६२) या ग्रंथात त्यांनी पश्चिम महाराष्ट्रातील लेणी, घाट आणि जुने व्यापारी मार्ग यांचा संबंध दाखविला. तसेच गावाबाहेरील मातृदेवतांची लहान ठाणी जुन्या वाटांच्या खुणा कशा ठरू शकतात, हेही स्वतः पायी हिंडून मांडले. जुन्नर–कल्याण मार्गावरील नाणेघाट या संदर्भात बोलका आहे. घाटाच्या माथ्याशी सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे, पाण्याची टाकी आहेत आणि जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. लेखात यज्ञांची आणि दानांची गणना आहे. बैल आणि ओझी घेऊन त्या नाळेतून चढलेल्यांचा लेख मात्र कोणी कोरला नाही. त्यांची नोंद झिजलेल्या दगडांनी ठेवली आहे. साहित्यसमीक्षेने कोसंबींकडून हे शिकण्यासारखे आहे की, वाट हीदेखील वाचावयाची संहिता असते.

ओवी : वाटेकडे पाहणारी

छापील साहित्यात जे सुटले ते मौखिक परंपरेत काही अंशी टिकले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आरंभिलेल्या प्रकल्पातून मावळ, मुळशी या परिसरांसह महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित झाल्या. धोंडी आणि बुधा यांच्याच मुलखातील स्त्रियांची ही वाणी आहे, म्हणून तिची तुलना दांडेकरांच्या कादंबऱ्यांशी करणे उचित ठरते.

ओवीतील वाट प्रामुख्याने माहेराची आहे. त्या वाटेवर दूरवर दिसणारा भाऊ हा ओवीचा एक आवडता विषय. कवी ओढ्याकडे पाहतो आणि इतिहासप्रेमी गडाकडे. ओवी गाणारी स्त्री वाटेकडे पाहते. डोंगरातील सासुरवाशिणीच्या आयुष्यात ओढा रोजच्या पाण्याचा आहे आणि पावसाळ्यात माहेर तोडणाराही आहे. याच कारणाने ओवीत निसर्ग सुशोभनासाठी येत नाही; तो अंतर मोजण्याचे माप होतो. ओवीत डोंगर, पाणी आणि वाट यांची नावे येतात ती ओळखीच्या माणसांच्या नावांसारखी.

येथे लेखाच्या आरंभी केलेल्या विधानाला एक दुरुस्ती जोडावी लागते. ओढा आणि वाट एकत्र आल्याने माणूस दिसतो हे खरे. पण कोणता माणूस, हे पाहणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असते. दांडेकरांच्या काठावर मुख्यत्वे पुरुषाचा मान आणि पुरुषाचा एकांत आहे. त्याच काठावरून डोक्यावर हंडा घेऊन चढणारी स्त्री केंद्रस्थानी येते ती ओवीत. मराठी समीक्षेने या दोन प्रकारच्या साहित्याचे वाचन बहुधा स्वतंत्र दालनांत केले, त्यामुळे एकाच खोऱ्याची ही दोन चित्रे शेजारी ठेवली गेली नाहीत.

स्मरणरंजनाचा धोका

या विवेचनातून पाऊलवाट चांगली आणि रस्ता वाईट असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो चुकीचा ठरेल. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी या ठाकर वस्तीवर दरड कोसळली. तेथे वाहन जाईल असा रस्ता नव्हता. मदतकार्य करणाऱ्यांना निसरड्या पायवाटेने चढून जावे लागले आणि अवजड यंत्रे वर नेता आली नाहीत. त्यापूर्वी ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले जाऊन दीडशेहून अधिक माणसे दगावली होती. डोंगरातल्या माणसाला रस्ता हवा असतो, दवाखाना आणि शाळा जवळ हवी असते. त्याची पाऊलवाट ही त्याने केलेली सौंदर्यनिवड नव्हे. पुष्कळदा तो नाइलाज असतो. 'जैत रे जैत' आज वाचताना इरशाळवाडी विसरता येत नाही, आणि विसरूही नये. ठाकरांच्या वाडीतील ढोलाचा ठेका ज्या समीक्षेला ऐकू येतो, तिला वाडीच्या पायवाटेची लांबीही ठाऊक असली पाहिजे.

याच्या दुसऱ्या टोकाला ओढ्याचे निव्वळ दृश्यात झालेले रूपांतर आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या मागील धबधब्याच्या प्रवाहात एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ओढ्याचे पाणी अचानक गढूळ होणे, त्यातून पालापाचोळा वाहत येणे, वरच्या डोंगरावर पाऊस दाटलेला असणे, या खुणा काठावर राहणाऱ्यांना परिचित असतात. ज्याला ओढा केवळ चित्रातून आणि ठरावीक वर्णनांतून भेटला आहे, त्याला त्या कोण सांगणार? अशा दुर्घटनांचा दोष साहित्यावर टाकणे अतिरेकाचे होईल. परंतु झऱ्याला केवळ अवखळ बालक म्हणून पाहण्याची सवय ज्या संस्कृतीने जोपासली, तिने त्याच्या काठचे शहाणपणही तेवढ्याच आस्थेने जपावयास हवे होते, एवढे म्हणणे गैर नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, सह्याद्रीच्या शब्दसंपदेत ओढा आणि वाट यांचा संबंध अभेद्य असला तरी लिखित साहित्यात त्यांची विभागणी झाली, आणि या विभागणीचा संबंध लेखकाच्या प्रवासाच्या साधनांशी व सामाजिक स्थानाशी आहे. दुसरी, बालकवींच्या 'औदुंबर'मध्ये ही दोन्ही एकत्र आल्यामुळे माणसांच्या अनुपस्थितीलाही अर्थ प्राप्त झाला. तिसरी, दांडेकरांनी काठावरची माणसे मराठी कादंबरीत आणली, ही त्यांची थोरवी; मात्र त्या माणसांचे पाणी कोणाच्या सत्तेखाली जात आहे, हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेर राहिला. चौथी, दुर्गसाहित्याने वाटांची नावे वाचविली, परंतु त्या वाटांना गडाच्या सेवेस लावले. पाचवी, जात्यावरच्या ओवीत वाटेचा जो अनुभव आहे तो या सर्वांना पूरक असून काही ठिकाणी त्यांचे खंडनही करतो.

या साहित्याचे खोरेनिहाय वाचन होणे ही पुढील अभ्यासाची गरज आहे. पवन मावळाची कादंबरी, पवन मावळाची ओवी, तेथील वाटांची नावे आणि तेथील धरणाचे कागद एकत्र ठेवून वाचले, तर लेखक आणि वाङ्मयप्रकार यांच्या चौकटीत न दिसणाऱ्या गोष्टी दिसू लागतील. हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. नाळेचे नाव माहीत असलेली, उतार कोठे आहे हे सांगू शकणारी आणि ओवी आठवणारी पिढी आता वृद्ध झाली आहे. वाट वापरात राहिली तरच पांढरी राहते. पावले थांबली की दोन पावसाळ्यांत तिच्यावर गवत चढते. शब्दांचेही तसेच आहे.